हॉस्पिटल स्टाफ आणि हात स्वच्छ ठेवणं: परत परत येणारे प्रश्न

हॉस्पिटलात हात स्वच्छ ठेवण्याचं ट्रेनिंग आणि तपासणी मी करते. हे प्रश्न ट्रेनिंग संपल्यावर, राऊंडच्या मध्येच, लिफ्टपाशी थांबवून आणि रात्री अकराला मेसेजवर येतात. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. प्रश्न आले तसेच ठेवलेत, काहींचा टोन जरा चढा आहे, तोही राहू दिलाय. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. हात धुवायला आता आम्हाला शिकवणार का? शिकूनच आलोय ना इथे?

शिकून आलाय हे मान्य, आणि माहिती नाही म्हणून कोणी हात धुणं टाळतही नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती विभागात इग्नाझ सेमेलवाइसच्या लक्षात आलं की डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आले. एवढा फरक डोळ्यासमोर असूनही बरोबरच्या बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नाही. आजची गोष्ट फार वेगळी नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या गाइडलाइनमध्ये वेगवेगळ्या हॉस्पिटलांतले अभ्यास एकत्र मांडलेत, त्यात जेव्हा हात स्वच्छ करायला हवे होते त्यातल्या सरासरी ४० टक्के वेळाच ते केले गेले होते. आणि हे सगळे शिकलेलेच लोक होते. त्यामुळे मी "माहिती आहे का" हे विचारतच नाही, "आड काय येतं" ते विचारते, आणि खालची बरीच उत्तरं त्याबद्दलच आहेत.

२. नक्की कधी कधी करायचं? पाच मोमेंट (हात स्वच्छ करायच्या पाच वेळा) पाठ आहेत पण कामाच्या गडबडीत कळत नाही.

पाठ म्हणायच्या तर अशा: पेशंटला हात लावण्याआधी, स्वच्छ किंवा निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-लघवी-थुंकी असं काही हाताला लागण्याची शक्यता असेल तर त्यानंतर लगेच, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. पण पाठ करून उपयोग होत नाही, डोक्यात कारण बसायला हवं. पहिल्या दोन पेशंटला वाचवायला आहेत, शेवटच्या तीन तुम्हाला आणि बाकीच्या वॉर्डला.

सगळ्यात जास्त निसटते ती दुसरी. सिस्टर बेडजवळ येते, रब (हाताला चोळायचं अल्कोहोलचं औषध) लावते (छान), पेशंटची उशी नीट करते, बेडची रेलिंग खाली घेते, चादर सरकवते आणि त्याच हातांनी कॅन्युलाचं (शिरेत बसवलेल्या बारीक नळीचं) टोपण उघडून इंजेक्शन देते. तिच्या मनात "मी आत्ताच रब लावला" असतं आणि ते खरंही आहे. पण मध्ये रेलिंग आली, चादर आली, पेशंटची कातडी आली आणि आता हे सगळं थेट शिरेच्या दारात जाणार. म्हणून टोपण उघडण्याआधी परत एकदा. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे आधी हलवाहलवीची कामं उरकायची, मग रब, मग इंजेक्शन.

३. साबण-पाणी चांगलं की रब?

रोजच्या कामात रब. जंतू जास्त मरतात, वेळ कमी लागतो, बेडपाशी मिळतो आणि कातडीलाही साबणापेक्षा बरा पडतो (यावर कोणी विश्वास ठेवत नाही, प्रश्न ८ बघा). साबण-पाणी कधी, तर हात दिसायला घाण किंवा चिकट असतील, रक्त वगैरे लागलं असेल, टॉयलेटला जाऊन आलात, किंवा काही ठरावीक जुलाबाचे पेशंट, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

आणि साबणाने धुऊन वर लगेच रब, हे "डबल सेफ्टी" म्हणून खूप जण करतात. करू नका. जास्त काही मिळत नाही आणि कातडीची मात्र वाट लागते.

४. रब किती घ्यायचा? एक प्रेस की दोन?

प्रेस मोजू नका, प्रत्येक डिस्पेन्सर वेगळं माप देतो आणि जुन्या पंपाचं तर काही खरं नसतं. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा घ्या आणि तो २० ते ३० सेकंद हात ओले ठेवायला पुरला पाहिजे. दहा सेकंदात हात कोरडे झाले तर कमी घेतलात. साबण-पाण्याला पुसण्यापर्यंत धरून ४० ते ६० सेकंद.

राहतं काय, तर अंगठे, बोटांची टोकं आणि हाताची मागची बाजू. ट्रेनिंगला चमकणारं लोशन लावून निळ्या दिव्याखाली हात धरायला लावतो तेव्हा बघा, तळवे झगझगीत आणि अंगठे काळे, सरांपासून शिकाऊ पोरापर्यंत सगळ्यांचं हेच. आणि पेशंटला आपण तळव्याने हात लावत नाही, नाडी बघताना, कॅन्युला लावताना, गोळी देताना लागतात ती टोकंच. ओल्या हातावर रब घेतला तर तो पातळ होतो, आणि फुंकर मारून, हात झटकून किंवा ड्रेसला पुसून वाळवायचा नसतो.

५. ग्लोव्हज घातलेत, मग परत हात कशाला?

हा एक नंबरचा प्रश्न आहे. ग्लोव्हजला डोळ्याला न दिसणारी भोकं असू शकतात आणि काढताना हात खराब होतातच, म्हणून काढल्यावर हात स्वच्छ करायचे. ज्या कामाआधी हात स्वच्छ करायला लागतात, तिथे ग्लोव्हज घालण्याआधीही करायचे, नाहीतर डब्यात हात घालताना बाकीचे ग्लोव्हजही खराब करतो आपण.

खरा गोंधळ वेगळाच आहे. ग्लोव्हज घातले की आपले हात सुरक्षित वाटतात, मग माणूस त्याच ग्लोव्हजने युरिन बॅग रिकामी करतो, मॉनिटरचं बटण दाबतो, फोन उचलतो आणि शेजारच्या पेशंटची सलाईन बघून येतो. ग्लोव्हज घालणारा सुरक्षित, बाकी सगळे रामभरोसे. पाच मोमेंटपैकी एखादी मध्ये आली तर ग्लोव्हज काढा, हात स्वच्छ करा, गरज असेल तर नवीन घाला. ग्लोव्हजवरून रब लावायचा नाही, मटेरियल खराब होतं. बीपी घ्यायला, जेवण द्यायला, पेशंटला व्हीलचेअरवर बसवायला ग्लोव्हज साधारणपणे लागतच नाहीत (संसर्गामुळे वेगळा ठेवलेला, आयसोलेशनचा पेशंट सोडून), ते कमी केलेत तर निम्मा प्रश्न सुटतो.

६. पेशंटला हात लावलाच नाही, फक्त सलाईनच्या पंपाचा अलार्म बंद केला. तरी?

तरी. ही पाचवी मोमेंट. बेड, रेलिंग, लॉकर, पंप, मॉनिटर हा सगळा त्या पेशंटचा एरिया धरायचा, त्याचे जंतू तिथे असतातच. पडद्यावरून नेहमी वाद होतो. पडद्याला येणारा जाणारा प्रत्येक जण हात लावतो आणि तो रोज बदलत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो पेशंटच्या एरियाबाहेरचा धरतात. म्हणजे आधी पडदा सरकवा, मग हात करा, मग पेशंट. उलट केलंत तर केलेलं वाया.

७. एका पेशंटकडून थेट दुसऱ्याकडे गेलो तर दोनदा करायचं का?

नाही, एकदाच. पहिल्याच्या "नंतर" आणि दुसऱ्याच्या "आधी" मिळून एकच, ऑडिटमध्येही (वॉर्डात बसून हात किती वेळा स्वच्छ केले ते मोजतात तेव्हा) ती एकच संधी मोजतात. फक्त अट अशी की मध्ये कशाला हात लागता कामा नये. रब लावलात, मग फाईल उघडलीत, पेन घेतलंत, खिशातून मोबाईल काढलात आणि मग दुसरा पेशंट, तर परत करावं लागेल. राऊंडमध्ये हे फार होतं, म्हणून राऊंडला फाईल एकानेच धरायची आणि तपासणाऱ्याने तपासायचं, असं ठरवलंत तर बरंच वाचतं.

८. रबने हाताची आग होते, कातडी सोलते. मी साबणच वापरणार.

आग होते ती खरी, पण कारण बहुतेक वेळा उलटं असतं. वारंवार साबणाने कातडीवरचं तेल निघून जातं, बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांत अल्कोहोल गेलं की झोंबतं. माणूस रबला दोष देतो, परत साबणाकडे जातो आणि हात अजून फाटतात. चांगल्या रबमध्ये कातडीसाठी ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं, साबणात ते बहुधा नसतं.

करायचं काय, गरज नसताना साबण टाळा, गरम पाणी वापरू नका (जंतू जास्त जात नाहीत, कातडी मात्र जाते), टॉवेल घासू नका, टिपून घ्या, ओल्या हातावर ग्लोव्हज चढवू नका. ड्युटी संपल्यावर आणि मधल्या सुट्टीत क्रीम लावा, पण पेट्रोलियम जेली टाइपचं लावून लगेच लॅटेक्सचे ग्लोव्हज घालू नका, रबर खराब होतं. खरी ॲलर्जी कमी जणांना असते पण असते, तेव्हा दोन आठवडे काळजी घेऊनही फरक नसेल, किंवा जखम उघडी असेल, पू असेल, तर लपवू नका. स्किनच्या डॉक्टरांना दाखवा आणि इन्चार्जला सांगा, तेवढे दिवस काम बदलून मिळायला पाहिजे. सिस्टर लोक हे सगळ्यात जास्त लपवतात कारण ड्युटी बदलली की बाकीच्यांची तोंडं वाकडी होतात. तिथे चूक इन्चार्जची, हात फाटलेल्या बाईची नाही.

९. जुलाबाच्या पेशंटला रब चालत नाही म्हणे?

क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जंतू आहे, अँटिबायोटिक खूप झालेल्या पेशंटमध्ये जुलाब करतो, त्याचे बीजाणू (जंतूचं टणक कवचातलं रूप) अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे ग्लोव्हज घाला आणि काढल्यावर साबण-पाणी, कारण साबण मारत नसला तरी चोळून वाहत्या पाण्यात बीजाणू निघून जातात. नोरोव्हायरसवरही अल्कोहोल भरवशाचं नाही. असा पेशंट असला की बेडवर तसा बोर्ड हवा, नाहीतर नाईटला आलेल्याला कळणार कसं. बाकी सगळ्या पेशंटना रबच.

१०. अंगठी, बांगड्या, घड्याळ, नेलपॉलिश, सगळंच बंद का?

अंगठीखाली जंतू जास्त सापडतात आणि तिथे रब पोचत नाही. घड्याळ आणि बांगड्यांमुळे मनगट राहून जातं. पेशंटकेअर करताना कोपरापासून खाली काही नको, लांब बाह्यासुद्धा वर. नुसती गुळगुळीत अंगठी साध्या वॉर्डात काही ठिकाणी चालवतात, तुमच्या हॉस्पिटलचा नियम बघा, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) अजिबात नाही. खोटी नखं नाहीत म्हणजे नाहीत. स्वतःची नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा छोटी. नेलपॉलिशचे पोपडे निघाले की खाली घाण साठते आणि पोपडे निघणारच, म्हणून नकोच.

११. ओटीत अजून ब्रशने दहा मिनिटं घासायला लावतात. बरोबर आहे का?

जुनी पद्धत. ब्रशने कातडी खरचटते आणि त्यातून उलट जास्त जंतू बाहेर पडतात. औषधी साबणाने साधारण २ ते ५ मिनिटं पुरतात. सर्जिकल रब (ऑपरेशनआधी लावायचा) वापरत असाल तर बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा, हात आधी कोरडे हवेत आणि ग्लोव्हजही पूर्ण वाळल्यावर. औषधी साबणाचा स्क्रब आणि लगोलग सर्जिकल रब असं दोन्ही करू नका. नखाखालची घाण पाहिजे तर नेल क्लीनरने काढा, ब्रशने नको.

१२. वेळच नाही. पंधरा पेशंटना एक सिस्टर, कधी करायचं हे?

हा रडका बहाणा नाही. हिशोब करून बघा, तासाला १५ वेळा हात स्वच्छ करायचे असतील आणि प्रत्येक वेळी बेसिनपर्यंत जाऊन साबणाने धुवायचे तर चालणं धरून एक-दीड मिनिट जातंच, म्हणजे तासातली १५ ते २२ मिनिटं फक्त हात. हे कोणीच करणार नाही आणि अशी अपेक्षा ठेवणारा कधी वॉर्डात उभा राहिलेला नाही. तेच बेडपाशी रब असेल तर २५ सेकंदांच्या हिशोबाने सहा-सात मिनिटं, आणि त्यातही हात चोळत चोळत पेशंटशी बोलता येतं.

म्हणून "वेळ नाही" ऐकलं की मी आधी बाटली कुठे आहे ते बघते. दाराआड, टीव्हीखाली, औषधाच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात, किंवा भिंतीवर आहे पण मधे स्टूल. हात लांबवला की मिळायला हवी, पाऊल टाकावं लागलं की वापर कमी होतो. बेसिन दहा बेडला निदान एक हवं ते वेगळं. आणि हो, स्टाफच कमी असेल तर तो प्रश्न बाटलीने सुटत नाही, ते मॅनेजमेंटला लेखी द्या. कामाचा लोड वाढला की हात स्वच्छ करणं घटतं हे अभ्यासात वारंवार दिसलंय, तेवढं तरी त्यात लिहा.

१३. सरच करत नाहीत, आम्ही कसं सांगणार?

राऊंडला पुढचा सिनिअर रब न लावता पेशंटकडे गेला की मागची सगळी रांग तशीच जाते. पोस्टर, ट्रेनिंग, बक्षीस, कशाचाच याच्यापुढे टिकाव लागत नाही. ज्युनिअरने तोंडावर "सर, हात" म्हणावं ही अपेक्षा मी ठेवत नाही, त्याचे मार्क त्यांच्या हातात असतात. चालण्यासारखे उपाय दोन: एक, राऊंड सुरू होताना सिस्टरने काही न बोलता बाटली पुढे करायची. नाही म्हणणारा क्वचितच सापडतो. दोन, विभागाचा स्कोअर विभागप्रमुखाला एकट्याला, बंद दाराआड, डॉक्टर-नर्स-बाकी स्टाफ असा वेगळा करून दाखवायचा. चारचौघांत दाखवलात तर भांडण होतं आणि हात तसेच राहतात.

१४. ऑडिटला तुम्ही आलात की सगळे करतात. मग आकडा खोटाच ना?

फुगलेला असतो, खोटा नाही. कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस नीट वागतोच. म्हणून एकाच आकड्यावर जाऊ नये. रीत अशी की साधारण २० मिनिटं बसायचं, किती वेळा करायला हवं होतं ते मोजायचं, त्यातलं किती वेळा केलं ते मोजायचं, भागायचं, गुणिले शंभर. एका वॉर्डाच्या एका फेरीत निदान २०० संधी हव्यात. आणि २०० असल्या तरी आकडा सहा-सात टक्के इकडेतिकडे नुसत्या योगायोगानेही होतो, तेव्हा गेल्या वेळी ६२ आणि यंदा ६५ म्हणून केक कापू नका आणि ५९ आले म्हणून कोणाला झापूही नका.

१५. आमच्या वॉर्डचा ९५ टक्के आहे, तरी तुम्हाला शंका?

स्टोअरचं रजिस्टर आणा मग बोलू. ३० बेड भरलेले असतील तर महिन्याला ९०० पेशंट-दिवस होतात. १००० पेशंट-दिवसांना निदान २० लिटर रब हा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे, म्हणजे तुमच्या वॉर्डात महिन्याला १८ लिटर. एका वेळी ३ मिली धरले तर हे एका पेशंटमागे दिवसाला जेमतेम सहा-सात वेळा होतं, काही फार नाही. आता समजा रजिस्टरमध्ये अर्ध्या लिटरच्या चारच बाटल्या गेल्यात, म्हणजे पेशंटमागे दिवसाला एक प्रेससुद्धा नाही, तर ९५ आला कुठून? बाटल्या मोजायला कोणाला लाजवावं लागत नाही म्हणून मला हा हिशोब आवडतो. उणीव एवढीच की योग्य वेळी वापरला का हे त्यात कळत नाही, आणि थोडा रब घरीही जातो.

१६. मग सुधारतं कशाने? पोस्टर तर सगळीकडे आहेत.

एकट्या कशानेच नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ च्या शेवटापासून १९९७ पर्यंत बेडपाशी रब, दर थोड्या दिवसांनी बदलणारी पोस्टर, मोजणी करून ते आकडे स्टाफला परत सांगणं आणि वरच्या लोकांचा उघड पाठिंबा असं सगळं एकत्र केलं. हात स्वच्छ करणं ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेलं, आणि हॉस्पिटलात लागणाऱ्या इन्फेक्शनचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. त्यात एक गोष्ट लोक सांगत नाहीत: नर्सिंग स्टाफ चांगला सुधारला, डॉक्टर जवळपास होते तिथेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेची पाच अंगांची पद्धत याच धर्तीवर आहे: सोयी, ट्रेनिंग, मोजून सांगणं, आठवण आणि हॉस्पिटलचं वातावरण.

क्रम विचाराल तर आधी सोय, कारण रिकामा डिस्पेन्सर टांगून ट्रेनिंग घेणं हा स्टाफचा अपमान आहे. मग मोजणी, आणि आकडा त्याच आठवड्यात परत, तीन महिन्यांनी मिटिंगमध्ये नाही. पोस्टर सर्वात शेवटी. ते दोन आठवड्यांत भिंतीचा भाग होतं, कोणी बघत नाही, म्हणून बदलत राहा. "स्वतःला वाचवा" पेक्षा "पेशंटला वाचवा" असा मजकूर जास्त चालतो असं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

१७. पेशंटने "हात स्वच्छ केलेत का" असं विचारलं तर राग येतो. असं शिकवायचं का त्यांना?

राग येतो हे खरंय. पण पेशंट घाबरूनच विचारतो, बहुतेक विचारतच नाहीत. त्यांच्यावर ही जबाबदारी टाकून मोकळं होऊ नये, फक्त विचारलं तर उत्तर "हो, आणि परत करते" एवढंच असावं. सगळ्यात बरं म्हणजे रब त्याच्या समोरच लावायचा, मग प्रश्नच येत नाही.

१८. पेशंट कोलॅप्स झालाय, तेव्हाही रब लावत बसू?

नाही, सीपीआर सुरू करा. हातात येतील ते ग्लोव्हज घाला. पण पाच-सहा जण धावून येतात त्यातला लाइन (शिरेत नळी) टाकणारा सहसा पहिल्या सेकंदाला हात घालत नाही, तो किट फोडेपर्यंत रब लावू शकतो, म्हणून क्रॅश कार्टवर (इमर्जन्सीच्या सामानाच्या ट्रॉलीवर) बाटली हवीच. घाईत टाकलेली लाइन निर्जंतुक पद्धतीने टाकलेली नसेल तर तशी नोंद करा आणि लवकरात लवकर बदला. अशा वेळी ऑडिट करणाऱ्याने पेन खाली ठेवायचं, ही मोजायची वेळ नाही.

१९. बाटली अर्धी झाली की वरून भरली तर चालतं ना?

नाही. लिक्विड साबणाच्या डिस्पेन्सरमध्ये तर अजिबात नाही, तळाशी जंतू वाढतात आणि नवीन साबण त्यांच्यावरच पडतो. पूर्ण रिकामा करा, धुवा, वाळवा, मग भरा, किंवा सरळ बदलायची पिशवी वापरा. रबही वरून ओतू नका, बॅच आणि तारीख कळत नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत बनवत असाल तर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल, सोबत थोडं ग्लिसरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असा आहे. भरल्यावर ७२ तास बाजूला ठेवायचं, कंटेनरमध्ये बीजाणू असतील तर पेरॉक्साइड तेवढ्या वेळात काम करतं. "लवकर लागतंय" म्हणून ते ७२ तास खाऊ नका. आणि प्रत्येक डिस्पेन्सरवर उघडल्याची तारीख आणि संपल्यावर कोणाला फोन करायचा तो एक्स्टेन्शन नंबर मार्करने लिहा, स्टिकर अल्कोहोलने निघून जातात.